बांधावरून : बऱ्या झालेल्या माणसाच्या डोळ्यांतले पाणी



या सदरात आपण बहुधा बी-बियाणे, खत-पाणी आणि रोग-किडी यांच्याविषयी बोलतो. आज पिकाच्या नव्हे, माणसाच्या एका आजाराविषयी बोलायचे आहे. कारण असे, की मागच्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. त्यांचे यजमान तीन वर्षांपूर्वी मनाच्या आजाराने वर्षभर अंथरुणाला खिळले होते. औषधोपचाराने बरे झाले. आता पहिल्यासारखे शेतात राबतात, बैलांची उस्तवार करतात. गेल्या उन्हाळ्यात लेकीच्या लग्नाचे सगळे त्यांनीच निभावले. पण त्या दिवसांचा विषय निघाला, की त्यांचा गळा दाटून येतो आणि डोळे भरतात. म्हणून घरात तो विषय काढायचाच नाही, असे सर्वांनी ठरवून टाकले आहे. आल्या-गेल्या पाहुण्यालाही आधीच खूण करून ठेवतात. ताई विचारतात, "दुखणं गेलं म्हणता, मग डोळ्यांत पाणी का येतं? ते परत तर येत नाही ना?"

पत्र वाचून मी बराच वेळ ते हातात धरून बसलो. कारण हाच प्रश्न एकदा मला स्वतःलाच पडला होता. मी शेतीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. तेव्हा पुढे जे सांगतो ते काही अंगावर भोगलेले आणि काही डॉक्टरांकडून समजून घेतलेले आहे.

गोष्ट २०२३ सालच्या निज श्रावणातली. त्या ऑगस्टमध्ये पावसाने किती ओढ दिली होती, ते आपल्याला आठवत असेलच. जालना जिल्ह्यातल्या एका गावी कपाशीची शेतीशाळा होती. पिके माना टाकून उभी होती. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावा, पतंग मोजा, असे मी सांगत होतो. पण ऐकणाऱ्यांचे लक्ष माझ्यापेक्षा आभाळाकडे जास्त होते. शेतीशाळा आटोपली, चहा झाला, मंडळी पांगू लागली. एक तिशीतला शेतकरी मात्र लिंबाच्या बुडाशी तसाच बसून राहिला. चहाही त्याने हातात धरून गार केला होता. मी जवळ जाऊन विचारले, तेव्हा म्हणाला, "साहेब, सापळे लावीन मी. पण खरं सांगू का, कशातच मन लागत नाही. रात्री तीनला जाग येते, मग डोळ्याला डोळा नाही. पाऊस आला तरी मला बरं वाटंल का नाही, काय माहीत."

हे शेवटचे वाक्य मला फार ओळखीचे वाटले. मी त्याच्याशेजारी बसलो आणि त्याला माझी हकीकत सांगू लागलो. जाणत्या दोन-तीन मंडळींनीही खाटा जवळ ओढल्या. मी सांगत गेलो. मध्येच एके ठिकाणी आवाज अडकला. पुढचा शब्द फुटेना. पाहता पाहता डोळ्यांतून धारा लागल्या. पन्नाशी ओलांडलेला सरकारी माणूस चार जणांसमोर लहान लेकरासारखा रडत होता. कोणी तांब्याभर पाणी आणले. एक म्हातारबा म्हणाले, "जाऊ द्या साहेब, झालं गेलं गंगेला मिळालं." मी तोंड धुतले, कसेबसे बोलणे आवरते घेतले आणि मोटारसायकलला किक मारली.

घरी येताना लाज वाटत होतीच, पण लाजेहून भीती मोठी होती. बरा होऊन नऊ वर्षे झाली होती. मग हे काय? ते पुन्हा सुरू झाले की काय?

आता मूळ हकीकत सांगतो. २०१२ साली मराठवाड्यात पाऊस कसा गेला, ते जुन्या जाणत्यांना सांगायला नको. विहिरी आटल्या, विंधन विहिरींतून नुसती हवा येऊ लागली. जालना हा मोसंबीचा जिल्हा. ज्याची ऐपत होती त्याने टँकरने पाणी घालून झाडे जगवण्याची धडपड केली. ज्याची नव्हती त्याची बाग डोळ्यांदेखत वाळली. २०१३ च्या उन्हाळ्यात आम्ही वाळलेल्या बागांची पाहणी करत फिरत होतो. त्यातल्या कितीतरी बागांचे आखणीपत्रक मीच करून दिले होते. एका बागेत मालकाने सरपणासाठी झाडावर कुऱ्हाड चालवली होती. मला पाहून तो म्हणाला, "साहेब, पहिलं रोप तुमच्याच हातानं लावलं होतं. आता मोजा तुमच्याच हातानं." त्याने ते रागाने म्हटले नव्हते. पण ते वाक्य माझ्या मनातून हलेना.

जून उजाडला, पाऊस बरा झाला, सगळीकडे पेरणीची लगबग सुरू झाली. मी मात्र आत वाळत चाललो. पहाटे तीनला जाग यायची. भाकरीला मातीची चव लागायची. कचेरीत कागद पुढे यायचा आणि सही करायला हात उठायचा नाही. आपल्यामुळे लोकांचे वाटोळे झाले, आपण जगून कोणाचे काय भले आहे, असे विचार गोचिडासारखे चिकटून बसायचे. आणि एक विचित्र गोष्ट म्हणजे, रडू येत नव्हते. त्या पावसाळ्यात माझे सख्खे चुलते वारले. ज्यांनी मला परभणीला शिकायला पैसे पुरवले, ते. सगळे घर रडत होते आणि मी खांबाला टेकून कोरडा बसलो होतो.

माझी थोरली मुलगी तेव्हा चौथीत होती. रोज सकाळी ती माझ्या चपला आणून पायांपुढे ठेवायची आणि म्हणायची, "बाबा, आज कचेरीत जायचं ना?" मी उठलो नाही, तर तिथेच बसून राहायची. तिची शाळेची वेळ टळायची. मला ते दिसत होते, पण आत काहीच हलत नव्हते.

शेवटी घरच्यांनी ओळखले. बाहेरचे काही असेल म्हणून आधी दोन-चार ठिकाणी नेलेही. त्यात महिना गेला. मग माझ्या मेहुण्याने शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेले. डॉक्टरांनी शांतपणे सगळे ऐकून सांगितले, "याला नैराश्याचा आजार म्हणतात. आळस नव्हे, भित्रेपणा नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. उपचाराने बरा होतो." गोळ्या सुरू झाल्या. पहिले तीन आठवडे काहीच फरक वाटला नाही. मी तर सोडूनच देणार होतो. चौथ्या आठवड्यात एका पहाटे मी पाचला उठलो, म्हणजे तीनला जाग आलीच नव्हती. तिथून उतार पडत गेला. अधूनमधून डॉक्टरांकडे बोलायलाही जात होतो. २०१४ च्या दिवाळीपर्यंत मी पूर्वीसारखा झालो आणि पुढे डॉक्टरांच्याच सल्ल्याने गोळ्याही हळूहळू बंद झाल्या.

शेतीशाळेत माझा आवाज अडकला, तो नेमका चपलांच्या गोष्टीपाशी.

घाबरून मी पुन्हा त्याच विभागात गेलो. डॉक्टर आता दुसरे होते, वयाने माझ्याहून लहान. त्यांनी झोप विचारली, भूक विचारली, कामात लक्ष लागते का ते विचारले, रडून झाल्यावर काय केले ते विचारले. मी म्हणालो, "घरी आलो, जेवलो, झोपलो. सकाळी कार्यक्रमाला गेलो." मग त्यांनी विचारले, "आजारी होता तेव्हा रडत होता का?" मी म्हणालो, "नाही. तेव्हा रडूच येत नव्हतं." ते म्हणाले, "मग आता येतं आहे, याची भीती कशाला?"

त्यांनी समजावून सांगितले ते असे. एखादा कठीण प्रसंग आपण आठवतो, तेव्हा नुसता प्रसंग आठवत नाही. त्याच्याबरोबर त्या वेळची भावनाही जागी होते. मेंदूत या दोन्हींचा सांधा असतो. म्हणून बोलता बोलता छाती धडधडते, घसा आवळतो, डोळे भरतात. शरीराला जुनी आठवण आणि आजचे संकट यांतला फरक कळायला थोडा वेळ लागतो. दुसरे असे, की नैराश्यात कित्येकांच्या भावना बधिर होतात. दुःख होते, पण वाहत नाही. आजार उतरल्यावर माणूस मागे वळून पाहतो, तेव्हा घरच्यांनी काय सोसले, आपण कुठल्या कड्यावरून परत आलो, हे त्याला प्रथमच नीट दिसते. मग त्या पाण्यात दुःख असते, शरम असते, आणि वाचल्याचे समाधानही असते. एकाच डोळ्यातून सगळे येते, म्हणून पाहणाऱ्याला ते फक्त दुःख वाटते.

द्राक्षवाल्यांना हे लवकर पटेल. एप्रिलमधली खरड छाटणी झाली, की कापलेल्या काडीच्या टोकातून पाणी ठिबकते. नवखा माणूस घाबरतो. पण जाणत्याला माहीत असते, की मुळी जिवंत आहे, खालून रस वर चढतो आहे, म्हणून ठिबकते. वाळलेली काडी कितीही कापा, थेंब येणार नाही. १५-२० दिवसांत त्याच वेलीला डोळे फुटतात.

पण म्हणून झाडातून जे जे गळते ते चांगलेच, असे समजू नका. मोसंबीच्या बुंध्याला डिंक येतो, तो डिंक्या रोग. तिथे साल तडकते, पाने पिवळी पडतात, फांद्या शेंड्याकडून वाळत जातात. तिथे वाट पाहून चालत नाही. साल खरवडून बोर्डो मलम लावावेच लागते. तेव्हा नुसते गळते आहे एवढे पाहून काही कळत नाही. बाकीचे झाड कसे आहे, ते पाहावे लागते. माणसाचेही तसेच.

जुने बोलताना डोळे भरले, घटकाभराने माणूस सावरला, संध्याकाळी जेवला, रात्री झोपला, सकाळी कामाला लागला, तर तो आजार नव्हे. उलट मन उदास राहणे किंवा कशातच गोडी न वाटणे हे दिवसाचा बराचसा भाग, जवळजवळ रोज, दोन आठवडे टिकले. त्याच्या जोडीला झोप बिघडली, भूक बदलली, अंगात त्राण राहिले नाही, लक्ष लागेना, आपण कुचकामी आहोत असे वाटू लागले, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. आणि मरणाचे विचार आले, तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी जा. हा आजार एकदा होऊन गेलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांना आयुष्यात पुन्हा होऊ शकतो. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. ज्या शेतात एकदा मर आली, तिथे आपण पुढच्या वर्षी डोळ्यांत तेल घालून पाहतो, तसे पाहावे, एवढ्यासाठी सांगतो. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या परस्पर सोडू नयेत. पूर्ण बरे वाटल्यावरही निदान सहा महिने त्या घ्यायला सांगतात. केव्हा आणि कशा कमी करायच्या, ते डॉक्टर ठरवतील.

मग तो विषय बोलावा की टाळावा? याबाबत अमेरिकेतला एक प्रयोग डॉक्टरांनी सांगितला. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अभ्यासकांनी कॉलेजच्या काही मुलांना लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटे, आपल्या आयुष्यातल्या सर्वांत कठीण प्रसंगाविषयी लिहायला सांगितले. लिहिल्यावर लगेच त्या मुलांना वाईट वाटले, मन जड झाले. पण पुढच्या महिन्यांत, किरकोळ विषयावर लिहिणाऱ्या मुलांपेक्षा दवाखान्यात जाण्याची वेळ त्यांच्यावर कमी आली. म्हणजे त्या घडीला जड वाटणे आणि पुढे हलके होणे, ही दोन्ही एकाच बोलण्याची फळे असू शकतात. प्रत्येकाला सारखाच गुण येतो असे नाही. पण डोळे भरले म्हणजे नुकसान झाले, हा समज खरा नव्हे.

आपल्याकडचेही एक उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांशी या आजाराविषयी मोकळेपणी बोलायला सुरुवात केली. आधी नैराश्य असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षाने ते सत्तावीसच्या घरात गेले. २०१७ साली हे आकडे प्रसिद्ध झाले. बोलण्याने वाट मोकळी होते ती अशी.

म्हणून ज्यांनी हा आजार भोगला आहे त्यांना माझे सांगणे, की बोलायचे की नाही, कोणाजवळ आणि किती, हे तुमच्या हाती ठेवा. पारावर बसलेल्या प्रत्येकाला आपली कथा सांगायलाच हवी असे नाही. ज्याच्यावर विश्वास आहे त्याला सांगा. सुरुवातीलाच म्हणून टाका, "मी आता बरा आहे. बोलताना डोळे भरतील, तर घाबरू नका." मध्येच जड वाटले, तर थांबा, पाणी प्या, उरलेले पुन्हा कधी. आणि दर वेळी बोलून झाल्यावर दोन-तीन दिवस झोप उडत असेल, तोच प्रसंग डोळ्यांपुढे नाचत असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. त्यावरही उपाय आहे.

घरच्यांना सांगणे असे, की "गडी माणूस असून रडतो काय" हे वाक्य घरातून हद्दपार करा. "झालं गेलं विसर" हेही नको. माणूस विसरायला नव्हे, सांगायला बसलेला असतो. जवळ बसा, पाण्याचा तांब्या ठेवा, गप्प राहून ऐका. उपदेशाची गरज नसते. तसेच उलट टोकही गाठू नका. पाहुणा आला की त्याला ती कथा सांगायला भाग पाडू नका. आणि एक काम आजच करा. फवारणीची औषधे घरात उघडी असतील, तर कुलूपबंद ठेवा आणि किल्ली जाणत्या माणसाकडे द्या. एखादी वाईट घटका टळली, की माणूस वाचतो.

मदत हवी असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची सेवा असते. शिवाय ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६. रात्री-अपरात्री केव्हाही लावा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.

त्या तरुण शेतकऱ्याचे काय झाले, हे आपण विचाराल. माझी तपासणी झाली त्याच्या पुढच्या आठवड्यात, पोळ्याच्या आधी, मी त्याला मोटारसायकलवर मागे बसवून त्याच विभागात नेले. दिवाळीला तो घरी आला, पिशवीभर सीताफळे घेऊन. चेहऱ्यावर टवटवी दिसत होती. मी म्हणालो, "त्या दिवशी मला काही नीट सांगताच आलं नाही रे." तो म्हणाला, "साहेब, तुम्ही काय काय सांगितलं, त्यातलं निम्मं माझ्या ध्यानात नाही. पण तुम्हाला रडू आलं ना, तवा मला वाटलं, हा माणूस खरं बोलायलाय. आन खरं असंल, तर मग बरंबी होता येत असंल."

माझी मुलगी सुट्टीला घरी आली होती. पुण्यात नोकरी करते. दारात त्याच्या चपला पडल्या होत्या, त्या तिने उचलून कडेला लावल्या. मी ते पाहिले आणि पुन्हा डोळे भरले. सौभाग्यवतीने पाहिले, पण या वेळी ती घाबरली नाही. चहा ठेवायला आत गेली.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच, की यजमान जेवतात, झोपतात, राबतात आणि लेकीच्या लग्नात हौसेने मिरवतात, तर डोळ्यांतल्या त्या पाण्याला भिऊ नका. पाहुण्यांना खुणा करणे बंद करा. एखाद्या संध्याकाळी ते आपणहून बोलू लागले, तर हातातले काम बाजूला ठेवून जवळ बसा. त्यांना सांगू द्या, आणि रडू द्या.

पुढील अंकात सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवणशक्ती शंभर दाणे घेऊन कशी तपासावी, ते पाहू. तोवर राम राम.